कैसरकालीन जर्मन सेनाधिकाऱ्यांची पत्रं जमवताना या चुका टाळा

१८७१ ते १९१८ या काळातल्या जर्मन सेनाधिकाऱ्यांची सहीची पत्रं आजही लिलावात येत असतात. नवा संग्राहक आधी तळाची सही बघतो, नाव ओळखीचं निघालं की बोली लावतो आणि वरचा मजकूर वाचायचा राहूनच जातो. पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

नावं, तारखा आणि हुद्दे यांचा मेळ आधी घाला. हेल्मुथ फॉन मोल्टके दोन होते. काका १८५७ ते १८८८ प्रशिया या जर्मन राज्याच्या जनरल स्टाफचे प्रमुख होते आणि १८९१ मध्ये वारले. पुतण्या त्याच पदावर १९०६ ते १९१४ होता. १९०९ सालचं पत्र काकांच्या नावावर विकायला आलं, तर नुसती तारीख वाचली तरी पुरे. पहिल्या महायुद्धातल्या जनरल लुडेनडॉर्फला नावाआधी लागणारं सरदारकीचं ‘फॉन’ कधीच मिळालं नाही, त्यामुळे ‘फॉन लुडेनडॉर्फ’ अशी सही दिसली की विषय संपला. नौदलाचे अॅडमिरल टिर्पिट्झ यांना ते मिळालं १९०० मध्ये, त्याआधीच्या पत्रावर ते असेल तर सावध व्हा. वैमानिक रिख्टहोफेन ‘रिटमाइस्टर’ (घोडदळाचा कॅप्टन) झाला एप्रिल १९१७ मध्ये आणि मारला गेला २१ एप्रिल १९१८ रोजी. म्हणजे हा हुद्दा लावून त्याने पत्रं लिहिली असतील ती जेमतेम वर्षभर. त्याच्या नावावर बनावट माल इतका फिरतो, की नवख्याने त्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फारशा प्रसिद्ध नसलेल्या अधिकाऱ्यांसाठी प्रशियाच्या सैन्याची छापील ‘रांगलिस्ट’ बघा. कोण कोणत्या रेजिमेंटमध्ये, कोणत्या हुद्द्यावर, ते त्यात सापडतं. पोट्सडामचं लष्करी दफ्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यामुळे प्रशियन अधिकाऱ्यांच्या मूळ नोंदी फार थोड्या उरल्या. एखाद्या साध्या मेजरचं घरी लिहिलेलं पत्रसुद्धा मोलाचं वाटतं ते त्यामुळेच.

लिपीकडे दुर्लक्ष करू नका. हे अधिकारी शाळेत ‘कुरेंट’ हे जुनं जर्मन हस्ताक्षराचं वळण शिकले. ‘झ्युटरलिन’ हे सोपं वळण १९११ मध्ये तयार झालं आणि १९१५ पासून प्रशियाच्या शाळांत शिकवलं जाऊ लागलं. साठीच्या जनरलचं पत्र मुलांच्या कित्त्यासारख्या गोल, सुबक झ्युटरलिनमध्ये असेल, तर लिहिणारा हात बहुधा दुसराच आहे. कुरेंट वाचायला थोडं शिकून घ्याच. दोन महिने चिकाटीने बसलात तर तारीख, गाव, हुद्दा एवढं नक्की लागतं.

नावाच्या आधी जी-ई-झेड ही तीन अक्षरं आणि टिंब दिसलं, तर ती सही नव्हे. मूळ कागदावर अमक्याची सही आहे, एवढंच नक्कल करणाऱ्या कारकुनाने नोंदवलेलं असतं. सेनापतींच्या फोटोकार्डांवर तर सही बरेचदा छापलेलीच असे. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात का, बघा.

यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा झळकला, तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा असण्याची दाट शक्यता. न झळकल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुन्या पुस्तकांतली कोरी पानं फाडून वापरली जातात. तेव्हा घडीची रेघही तपासा. शाई घडीच्या तुटलेल्या तंतूंत झिरपली असेल, तर लिखाण घडीनंतरचं आहे, म्हणजे आधीच घडी पडलेल्या जुन्या कागदावर केलेलं.

मराठी संग्राहकाला जर्मन फील्ड मार्शल कोल्मार फॉन डेर गोल्ट्झची पत्रं विशेष वाटावीत. १९१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि त्या आघाडीवरच्या तुर्की फौजांची सूत्रं गोल्ट्झकडे होती. १९ एप्रिलला तो बगदादमध्ये वारला, २९ तारखेला कुत पडलं. आडनावाच्या गोंधळात इथेही फसू नका, रूडिगर फॉन डेर गोल्ट्झ हा जनरल वेगळा.

पत्र हाती आलं की लॅमिनेशन, सेलोटेप आणि पीव्हीसीची पाकिटं कटाक्षाने टाळा. पॉलिएस्टरचं पाकीट, आम्लरहित कागद आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. भिंतीवर लावायची हौस असेल तर फ्रेममध्ये प्रत घाला. आणि पत्राचा लिफाफा कधीही वेगळा विकू नका, टपालाचा शिक्का त्यावरच असतो.