स्टेटमेंटवर भांड्यांच्या अनोळखी दुकानाचा खर्च दिसतोय? तो कुठला, हे असं शोधा

स्वयंपाकघरातल्या वस्तू विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाच्या नावावर पैसे वजा झालेले दिसतात आणि ते नाव कधी ऐकलेलंही नसतं. अशा वेळी काही जण लगेच फसवणुकीची तक्रार नोंदवतात, तर काही जण 'घरात कुणीतरी घेतलं असेल' म्हणून विषय सोडून देतात. पहिल्यात चालू कार्ड रद्द होतं आणि त्यावर लावलेली सगळी बिलं अडतात. दुसऱ्यात खरी फसवणूक असेल तर तक्रारीची मुदत निघून जाते. खरं तर अर्धा तास शिस्तीत शोधलं तर अशा बहुतेक नोंदींचा उलगडा होतो.

शोधाआधी एक गोष्ट तपासा. त्याच एक-दोन दिवसांत आणखी अनोळखी खर्च आहेत का? विशेषतः अगदी किरकोळ रकमेचा? चोरलेलं कार्ड चालतं की नाही हे बघायला आधी छोटी रक्कम टाकतात आणि मग मोठी खरेदी करतात. मिक्सर, ओव्हन, महागडे सुऱ्यांचे संच सहज पुन्हा विकता येतात, त्यामुळे अशी दुकानं चोरांच्या सोयीची असतात. असं काही दिसलं तर आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड तात्पुरतं बंद करा आणि मग शोधाला लागा. तात्पुरतं बंद केलेलं कार्ड पुन्हा चालू करता येतं, कायमचं ब्लॉक केलेलं सहसा येत नाही. अ‍ॅपमध्ये हे दोन पर्याय जवळजवळ असतात, बटण दाबण्याआधी नीट वाचा.

नावावर फार विसंबू नका

स्टेटमेंटवरच्या ओळीत सर्वांत कमी भरवशाचं काही असेल तर ते नाव. पाटीवर ब्रँडचं नाव असतं, पण कार्ड मशीन किंवा ऑनलाइन पेमेंटचं खातं मालक कंपनीच्या नावावर असू शकतं. एकच कंपनी तीन-चार ब्रँड चालवत असेल तर सगळ्यांचे पैसे एकाच नावाने वजा होतात. शिवाय नावाला जागा अपुरी असते. व्यवहाराची माहिती बँकेला कळवणाऱ्या व्हिसाच्या संदेशात दुकानाच्या नावासाठी २५ अक्षरांची जागा आहे, मास्टरकार्डच्या २२. लांब नाव मध्येच तुटतं आणि शेवटचा शब्द निरर्थक दिसतो.

ओळीत तारा म्हणजे * ही खूण असेल तर तिचे दोन भाग करा. ताऱ्याआधीचा भाग पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचा: पेपॅलचं पूर्ण नाव येतं, स्क्वेअरसाठी एस आणि क्यू ही दोनच रोमन अक्षरं. ताऱ्यानंतरचा भाग विक्रेत्याचा, आणि शोधायचा तो हाच. शेवटचा शब्द अर्धवट वाटला तर तो गाळून शोधा. शब्द एकमेकांना चिकटले असतील तर जागा सोडून पुन्हा शोधा. नावानंतर शहर यायला हवं, पण ऑनलाइन खरेदीत तिथे बऱ्याचदा विक्रेत्याचा फोन नंबर किंवा वेबसाइट असते. शहर आलंच तर ते कंपनीच्या मुख्य कार्यालयाचं असू शकतं. 'मी त्या गावाला कधी गेलोच नाही' एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

एखाद्या ब्रँडवर संशय असेल तर त्याच्या वेबसाइटच्या तळाशी जा आणि अटी व गोपनीयता धोरण ही पानं उघडा. मालक कंपनीचं कायदेशीर नाव तिथे सापडतं. स्टेटमेंटवरचं नाव त्याच्याशी जुळलं की अर्धं काम झालं.

इथे एक धोका आहे. दुकानाचं नाव शोधल्यावर जे 'ग्राहक सेवा' नंबर समोर येतात, त्यांत भामट्यांचे नंबरही मिसळलेले असतात. घाबरून फोन करणारा माणूस त्यांना हवाच असतो. दुकानाचा नंबर दुकानाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, बँकेचा कार्डाच्या मागून. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी कुठल्याच फोनवर देऊ नका. व्यवहार शोधायला दुकानाला तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार अंक पुरतात.

रक्कम जुळत नाही ती का

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एका ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या गोदामांतून निघतात. काचेच्या किंवा जड वस्तू अनेकदा वेगळ्या पाठवतात. आणि बरेच विक्रेते माल रवाना होईल तसे पैसे घेतात.

समजा, ६,००० चा भांड्यांचा संच आणि २,००० ची सुरी एकत्र मागवली. १० टक्के सूट मिळाली आणि पोचवण्याचे १०० लागले. ऑर्डरच्या मेलवर एकूण ७,३०० दिसतील. संच आधी निघाला तर ५,४०० अधिक १०० असे ५,५०० वजा होतील आणि सुरी निघेल तेव्हा १,८००. आता ५,५०० किंवा १,८०० हा आकडा मेलमध्ये शोधलात तर हाती काहीच लागणार नाही, कारण तो ना कुठल्या वस्तूची किंमत आहे ना ऑर्डरची बेरीज. म्हणून आजूबाजूच्या महिन्याभरात त्याच नावाची दुसरी नोंद आहे का ते बघा आणि दोन्हींची बेरीज करून पुन्हा शोधा. गिफ्ट कार्ड किंवा पॉइंट वापरले असतील तर कार्डावर फक्त उरलेली रक्कम येते, हेही लक्षात असू द्या.

परकी चलनातली खरेदी असेल तर मूळ रक्कम, रूपांतराचा दर आणि बँकेचं शुल्क असा हिशेब असतो. शुल्क कधी त्याच ओळीत मिसळलेलं असतं, कधी वेगळ्या ओळीत. दर नोंद पक्की होतानाचा लागू शकतो, त्यामुळे खरेदीच्या दिवशी केलेल्या हिशेबाशी तो तंतोतंत जुळेलच असं नाही.

तीच रक्कम दोनदा दिसत असेल तर एक नोंद 'पेंडिंग' आहे का ते पाहा. तेव्हा रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते. पक्की नोंद आली की पेंडिंग काही दिवसांत आपोआप गळून पडते. दोन्ही पक्क्या असतील तरच ती दुहेरी वसुली.

तारीख आणि मेल

स्टेटमेंटवर व्यवहाराची तारीख आणि खात्यात नोंद झाल्याची तारीख वेगळी असू शकते. व्यवहाराची धरा. त्या दिवशी काहीच सापडलं नाही तर मागे जा. साठा संपलेली वस्तू मागवली असेल तर पैसे कित्येक आठवड्यांनी कापले जातात, तोपर्यंत ऑर्डर विसरलेली असते.

मेलमध्ये रक्कम स्वल्पविरामासह आणि त्याशिवाय, दशांशासह आणि त्याशिवाय, अशी प्रत्येक प्रकारे शोधा. मग 'ऑर्डर', 'पावती', 'पाठवलं' या अर्थाचे शब्द तारखेच्या मर्यादेसह. स्पॅम आणि जाहिरातींचा फोल्डर सोडू नका. कामाचा पत्ता आणि जुने पत्तेही तपासा, कारण खातं न उघडता केलेल्या खरेदीची पावती घाईत टाकलेल्या पत्त्यावर गेलेली असते. मेसेजमध्ये कुरिअरचे निरोपही शोधा.

कार्ड कुणी वापरलं

अ‍ॅड-ऑन कार्ड, म्हणजे तुमच्याच खात्यावर घरच्यांना दिलेलं जादा कार्ड, असेल तर घरच्यांना विचारा, पण 'तू काही घेतलंस का' असं मोघम नको. तारीख, रक्कम आणि भांडी, भेटवस्तू, उपकरणांचे सुटे भाग अशा शक्यता सांगून विचारा, म्हणजे आठवतं. तुमचं कार्ड घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ऑनलाइन खात्यात साठवलेलं असतं, हे तर हमखास विसरलं जातं.

कागदी पावती सापडली पण तिच्यावरचे शेवटचे चार अंक वेगळे निघाले, तरी ती फेकू नका. फोन टेकवून पैसे दिले असतील तर अ‍ॅपल पे आणि गूगल पे खऱ्या कार्ड नंबराऐवजी त्या उपकरणासाठीचा वेगळा नंबर पुढे पाठवतात. फोनच्या वॉलेटमध्ये कार्डाच्या तपशिलात त्याचे शेवटचे अंक दिसतात, ते पावतीशी ताडून बघा.

पाण्याच्या फिल्टरची काडतुसं, कॉफीच्या कॅप्सूल, उपकरणाची वाढीव वॉरंटी हे खर्च ठरावीक काळाने आपोआप कापले जातात. हेच नाव १, ३, ६ आणि १२ महिन्यांपूर्वीच्या स्टेटमेंटवर आहे का ते पाहा. कार्ड बदलल्याने असा खर्च थांबेलच असं नाही. कार्ड नेटवर्कची, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कंपन्यांची, एक सेवा नवा नंबर विक्रेत्याला परस्पर कळवू शकते. वर्गणी रद्द करायची ती विक्रेत्याकडेच.

बँकेला नेमकं काय विचारायचं

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर बँकेला फोन लावा. 'हे काय आहे' असं विचारलंत तर समोरचा माणूस स्टेटमेंटचीच ओळ वाचून दाखवेल. त्याऐवजी विक्रेत्याचं पूर्ण नाव, शहर आणि देश विचारा. व्यवहार चिपने झाला, टेकवून झाला की ऑनलाइन? फोनच्या वॉलेटमधून होता का? कार्ड तुमच्याजवळच आहे आणि व्यवहार चिप व पिन वापरून झालाय, तर शोध घरातच पुढे न्या.

विक्रेत्याचा चार अंकी वर्ग कोडही विचारा. ५७१९ हा घरसजावटीच्या किरकोळ दुकानांचा, ज्यात भांड्यांची दुकानंही येतात. ५७२२ घरगुती उपकरणांचा, ५३११ डिपार्टमेंट स्टोअरचा. हा कोड दुकानाला मिळतो, वस्तूला नाही. त्यामुळे ५७१९ च्या दुकानातून दिवा किंवा पडदाही घेतलेला असू शकतो. बँकेच्या अ‍ॅपमधली खर्चाची वर्गवारीही बहुधा याच कोडावरून ठरते, तेव्हा तिथे 'गृहोपयोगी' दिसलं म्हणून फक्त पातेली-तवे आठवत बसू नका.

तक्रार करायची झाल्यास

कारण अचूक निवडा. वस्तू मागवली होती पण आली नाही, रक्कम दोनदा कापली, रद्द केलेली वर्गणी चालू राहिली: यातलं काहीही फसवणूक नाही. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, उत्तर जपून ठेवा आणि मग बँकेत त्याच कारणाखाली वाद नोंदवा. 'हा व्यवहार मी केलाच नाही' असं लिहिलंत आणि विक्रेत्याने तुमच्याच पत्त्यावर माल पोचल्याचा पुरावा दिला, तर तक्रार पडते आणि खरं गाऱ्हाणं बाजूला राहतं.

व्यवहार खरोखर तुमचा नसेल तर मात्र विक्रेत्याशी बोलण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा, कार्ड कायमचं ब्लॉक करा, तक्रार क्रमांक घ्या. पेंडिंग नोंदीवर बहुधा वाद नोंदवता येत नाही, पण ती पक्की होण्याची वाट बघत कार्ड चालू ठेवू नका. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक वादांसाठी १२० दिवसांची मुदत असते. पण ती बँकांसाठी आहे, तुमच्या बँकेची तुम्हाला दिलेली मुदत कमी असू शकते.

वाद चालू असताना बँकेने रक्कम परत जमा केली, तरी ती तात्पुरती असू शकते. विक्रेत्याचं उत्तर ग्राह्य धरलं गेलं तर ती पुन्हा वजा होते, म्हणून निकाल लेखी मिळेपर्यंत कागद टाकू नका. आणि विक्रेता 'रिफंड दिला' म्हणत असेल पण खात्यात दिसत नसेल, तर त्याच्याकडून २३ अंकी एआरएन, म्हणजे त्या रिफंडचा माग काढायचा संदर्भ क्रमांक, मागा. तो बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं.