गाळ आणायला निघण्यापूर्वी

रविवारी सकाळी नदीवर यायचं ज्यांनी ज्यांनी कबूल केलंय, त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत हे उरकून ठेवा. बरण्यांचं काम मात्र आजच सुरू करा, त्याला वेळ लागतो.

मुळा-मुठेच्या गाळात आपण शोधणार आहोत डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान ही कीटकनाशकं आणि पीसीबी, म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली क्लोरिनयुक्त रसायनं. ही मंडळी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. गाळातल्या सेंद्रिय कणांना चिकटतात आणि वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम करतात. किलोभर गाळात ती सापडली तरी बरेचदा काही मायक्रोग्रॅमच, म्हणजे साखरेच्या एका दाण्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा. एवढ्याशा गोष्टीवर आपल्या हाताची घाण सहज मात करते. म्हणून खालच्या यादीत काय आणायचं यापेक्षा काय आणायचं नाही, हेच जास्त आहे.

तपकिरी काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या साबणाने धुऊन, आधी नळाच्या आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून घ्या आणि ४५० अंशांवर चार तास भट्टीत ठेवा. झाकणं भट्टीत घालू नका, वितळतील. ती ॲसिटोन आणि हेक्झेनने धुवा. ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडेही बरण्यांसोबत भाजून घ्या, ते झाकणाच्या आत लावायचे आहेत. प्लॅस्टिकचा डबा, मग, पिशवी यांपैकी काहीही गाळाला लागता कामा नये. प्लॅस्टिक मऊ ठेवणारी थॅलेट नावाची रसायनं गाळात उतरतात आणि तपासणीच्या यंत्रावरच्या आलेखात असे डोंगर उभे करतात की आपल्या रसायनांची शिखरं त्यामागे दडतात. (पुढेमागे पीएफओएस, म्हणजे डाग न धरणाऱ्या लेपांतलं फ्लोरिनयुक्त रसायन, शोधायची वेळ आली तर नियम उलटा होतो: टेफ्लॉन बाद आणि पॉलिप्रॉपिलीनची बरणी चालते. या खेपेला तो घोळ नको.)

गाळ काढायला ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ जबड्यात धरून वर आणणारं अवजार, आहेच. मिसळायला तुळशीबागेतून आणलेलं स्टीलचं पातेलं आणि पळी पुरे, फक्त नॉनस्टिक नको. पहिल्या फेरीत मी हार्डवेअरच्या दुकानातलं चकचकीत खुरपं नेलं होतं. त्यावरचा रंग गाळात खरवडला गेला आणि तीन ठिकाणचे नमुने फेकावे लागले.

शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी अंगाला डासांचं क्रीम, अत्तर, सनस्क्रीन काही लावू नका. डास चावतील, चावू द्या. पूर्ण बाह्यांचा जुना सुती शर्ट घाला. नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक ठिकाणी नवे, म्हणजे माणशी चार-पाच जोड. गमबूट हवेतच, काठावर फुटक्या काचा असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघून घ्या. अंगावर उघडी जखम असेल त्याने वरच थांबून वही सांभाळायची.

ठिकाणं चार: विठ्ठलवाडी, संगम, बंडगार्डन आणि मांजरी. याच क्रमाने, म्हणजे कमी घाणीकडून जास्तीकडे, आणि दोन ठिकाणांच्या मध्ये पातेलं-पळी पुन्हा ॲसिटोन-हेक्झेनने धुवायची. प्रत्येक ठिकाणी मात्र प्रवाहाच्या खालच्या बाजूने शिरा आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून उभे राहा, नाहीतर आपल्याच पायांनी उठलेला गाळ नमुन्यात येतो. जागा निवडताना वाळू टाळा. हातमोज्यातूनच गाळ चिमटीत घेऊन चोळा: खरखरीत लागला तर पुढे सरका, लोण्यासारखा लागला तर थांबा. बंधाऱ्यामागे पाणी संथ असतं, तिथे असा गाळ बसतो. नदीकाठ विकासाच्या कामाचा ताजा भराव असेल तिथला गाळ घेऊ नका. तो त्या जागचा नसतो.

एका ठिकाणी पाच जागांवरून वरचा पाचच सेंटीमीटरचा थर घ्या आणि पातेल्यात एकजीव करा. बरणी पाऊणच भरा. गोठताना गाळ फुगतो आणि काच तडकते. रंग आणि वास वहीत लिहा. हे हौसेखातर नाही: काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गाळ म्हणजे तिथे प्राणवायू नाही, आणि अशा जागी डीडीटी मोडून त्याचं डीडीडी होतं, हवा लागते तिथे डीडीई. शेतीतला डीडीटीचा वापर १९८९ पासून बंद आहे, त्यामुळे मूळ डीडीटी या दोघांहून जास्त निघालं तर ते अलीकडे कुणी वापरलं का, हा प्रश्न विचारायला जागा उरते. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली, ती तारीखही डोक्यात असू द्या.

चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, मार्करने नको. बर्फ वितळला की मार्कर पुसतो आणि त्यातलं द्रावकही आपल्याला नकोय. बर्फाची पेटी रात्रीच भरा. निघण्याआधी खडकवासला धरणातून विसर्ग आहे का, याची चौकशी करा, आणि प्रयोगशाळेत यंत्र कधी मोकळं आहे तेही. चार अंशांवर ठेवलेल्या नमुन्याचं निष्कर्षण, म्हणजे द्रावकाने त्यातली रसायनं बाहेर काढणं, चौदा दिवसांत व्हायला हवं. तारीख लांबणार असेल तर उणे वीसचा फ्रीझर आधी मागून ठेवा.

प्रत्येक ठिकाणी एक बरणी नुसती उघडायची, गाळ घेईपर्यंत तशीच ठेवायची आणि बंद करून रिकामीच परत आणायची. हवेतून आणि आपल्या हातून काय आलं ते तीच सांगते. तिच्यावरही चिठ्ठी लावा. गेल्या वेळी, रिकामी आहे म्हणून, कुणीतरी ती घासून फडताळात ठेवली होती.