हिट पडतात, पण रन होत नाहीत? या चुका टाळा

एका सामन्यात दहा रन, पुढच्या दोन सामन्यांत मिळून एक. जिल्हा बेसबॉल संघांच्या शिबिरात हे गाऱ्हाणं दरवर्षी ऐकू येतं आणि उपायही ठरलेला असतो: पोरांना आणखी बॅटिंग द्या. द्या की. पण एका इनिंगला आउट तीनच मिळतात आणि ते आपण कसे उधळतो, हे आधी बघा.

सगळ्यात महागात पडते ती वाईट, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरच्या, बॉलवर बॅट फिरवायची सवय. आपली बरीच पोरं क्रिकेट खेळून इकडे येतात. बॉल सोडणं त्यांना घाबरटपणा वाटतो. इथे चार वाईट बॉल सोडले की पहिला बेस फुकटात मिळतो (यालाच वॉक म्हणतात), हे त्यांना तोंडपाठ असतं, पण हातात बॅट आली की आठवत नाही.

एका आंतरजिल्हा सामन्यात समोरच्या पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, सुरुवातीला काही केल्या स्ट्राइक, म्हणजे पट्ट्यातला बॉल, टाकता येईना. पहिल्या दोघांना वॉक मिळाला. तिसरा पोरगा उभा राहिला आणि बाहेरून "मार, मार" सुरू झालं. घोट्याजवळ आलेला पहिलाच बॉल त्यानं मारला, थेट शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे. डबल प्ले, एकाच बॉलवर दोन आउट. पुढच्यानं डोक्याच्या उंचीचा बॉल उडवला आणि सोपा कॅच दिला. इनिंग संपली, रन शून्य. पुढे त्या पिचरचा हात बसला आणि तशी संधी पुन्हा आली नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे: आधीच्या बॅटरला वॉक मिळाला असेल, तर पिचरनं एक स्ट्राइक टाकेपर्यंत बॅट खांद्यावरच. सरावातही एक फेरी बॅट न फिरवता होते. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडायच्या आत बॅटरनं "बॉल" (म्हणजे वाईट) की "स्ट्राइक" ते ओरडून सांगायचं. पहिल्याच आठवड्यात होमरन हवा असलेली पोरं याला कंटाळतात. कंटाळू द्या.

दुसरी चूक कोचची. पहिल्या बेसवर रनर, एकही आउट नाही, आणि लगेच बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हलकेच जवळ टेकवायचा, इशारा. मेजर लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या आकडेवारीनुसार या स्थितीतून इनिंग संपेपर्यंत सरासरी 0.9च्या आसपास रन होतात. बंट करून रनर दुसऱ्या बेसवर नेला आणि एक आउट दिला, की ही सरासरी 0.7च्या जवळ येते. "आपल्याकडे फील्डिंग ढिली, म्हणून बंट चालतो," असं सांगतात. ढिल्या फील्डिंगमधून जोराचा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा बॉलही, निसटतो, मग आउट दान का करायचा? शेवटची इनिंग, एकच रन हवा आणि बॅटर कच्चा असेल, तर मी बंट समजू शकतो.

एकाच पोरावर भिस्त ठेवू नका. 2010 साली मेजर लीगमधल्या सिअ‍ॅटल मरिनर्सच्या इचिरो सुझुकीनं 214 हिट मारले, पण त्याचे स्वतःचे रन झाले 74. त्याच्या मागचे बॅटर बेसवरच पोचत नव्हते. 162 सामन्यांत संघाचे रन 513, पराभव 101.

झेपत नाही इतकी जड बॅट देऊ नका. एक सामना हरला म्हणून बॅटिंग ऑर्डर उलटीपालटी करू नका. सरावात फक्त सरळ, संथ बॉल टाकू नका. आणि दुसऱ्या बेसवरून धावताना मागे वळून बॉल बघणं बंद करा. तिसऱ्या बेसजवळच्या कोचकडे बघा, तो त्यासाठीच उभा असतो.