सीमाभागातील संगणकांसाठी इन्स्टॉलर बांधण्याची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळा आणि वाचनालयांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर (प्रोग्राम संगणकावर बसवून देणारी फाइल) बांधायला घेताना सर्वांत आधी हे पक्के करावे, की तो बसवताना इंटरनेट लागता कामा नये. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नसतो. त्यामुळे उरलेल्या फायली नंतर उतरवून घेणारा छोटा इन्स्टॉलर तिथे कुचकामी ठरतो. रनटाइम लायब्ररी (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या तयार फायली), मराठी व कन्नड भाषांच्या फायली आणि नोटोसारखा मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्ट हे सारे एकाच फाइलमध्ये भरून पेनड्राइव्हवरून द्यावे. संगणक ३२ बिटचे आहेत की ६४ बिटचे, हे आधीच विचारून घ्यावे.

विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवायला एनएसआयएस हे साधनही चालते, पण इन्नो सेटअप या दुसऱ्या साधनाची ६ वी आवृत्ती मुळातच युनिकोड (देवनागरीसह सर्व लिप्या हाताळणारी) असल्यामुळे मी तीच सुचवेन. शाळेत ॲडमिनचा पासवर्ड शिक्षकांकडे असेलच असे नाही, म्हणून इन्नो सेटअपमधील ‘प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड’ (बसवायला लागणारे अधिकार) या सेटिंगची किंमत ‘लोएस्ट’ ठेवावी, म्हणजे प्रोग्राम त्या वापरकर्त्यापुरता बसतो. मात्र तेव्हा तो त्याच्याच खात्याच्या फोल्डरमध्ये जातो, आणि कोणी खात्याचे नाव ‘वाचनालय’ असे देवनागरीत ठेवले असेल, तर त्या फोल्डरचा मार्ग (पाथ) मूळ प्रोग्रामला वाचता न आल्यास इन्स्टॉलर सुरळीत संपूनही प्रोग्राम उघडत नाही. यासाठी असे खाते मुद्दाम उघडून चाचणी घ्यावी, आणि तीही बांधणीच्या संगणकावर नव्हे, कारण तिथे सगळ्या लायब्ररी आधीच हजर असल्याने राहून गेलेली फाइल लक्षातच येत नाही. आभासी यंत्रात (संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) विंडोज कोरी बसवून तिच्यावरच प्रोग्राम चालवून पाहावा.

इन्स्टॉलरवर डिजिटल स्वाक्षरी (तो कोणी बनवला याची खूण) नसेल, तर विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या सुरक्षा-तपासणीचा इशारा येऊ शकतो. तो दिसल्यावर काय करायचे, हे मराठीत छापून पेनड्राइव्हसोबत द्यावे आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅशही (फाइलवरून काढलेला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) त्याच कागदावर असावा, म्हणजे हातोहात फिरलेली प्रत मूळचीच आहे का, हे इशारा ओलांडण्यापूर्वी ताडून पाहता येते.

सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याचे असेल, तर परवान्याचा मूळ इंग्रजी मजकूर ठेवावा (मराठी अनुवाद सोबत द्यावा, त्याच्या जागी नव्हे) आणि त्याच आवृत्तीचा स्रोत (सोर्स कोड) त्याच पेनड्राइव्हवर घालावा. शेवटी प्रोग्राम काढून टाकूनही पाहावे. जाताना त्याने फक्त स्वतःच्या फायली न्याव्यात, विद्यार्थ्यांच्या दस्तऐवजांना हात लावू नये.