फायबरचा मडगार्ड रंगाआधी बसवून बघा

जुन्या टाटा ४०७ टेम्पोला फायबरचा मडगार्ड घेतला की भोकं हमखास जुळत नाहीत. ओढूनताणून बोल्ट आवळला, तर खानापूरच्या खड्ड्यांत कडेला तडा जातोच.

घेताना आतली बाजू बघा. धागे पांढरे, कोरडे दिसले तर रेझिन (धागे धरून ठेवणारा चिकट रस) कमी पडलंय. स्वस्त असला तरी नको.

१. ब्रॅकेटमधून (मडगार्ड धरणाऱ्या लोखंडी पट्टीतून) बाहेर आलेल्या बोल्टाच्या टोकाला ओला रंग लावा, मडगार्ड दाबा. ठसा उठेल तिथंच भोक.
२. वर चिकटपट्टी लावून चकचकीत बाजूनं सावकाश ड्रिल मारा. १० मिमी बोल्टाला १२ चं भोक.
३. मोठा वायसर (वॉशर) आणि खाली जुन्या ट्यूबचा तुकडा. (पंक्चरवाला फुकट देतो.)

रंग यानंतर. घासताना तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट; ती धूळ रात्रभर खाजवते.