कोड न लिहिता विकिपीडियावर सांगकाम्या कसा वापरावा

‘त्याने सांगितले कि’ (हवं ‘की’) हे मराठी विकिपीडियावर एकदा डोळ्यात खुपलं की मग जिकडेतिकडे दिसायला लागतं. एक पान दुरुस्त करायला अर्धा मिनिट पुरतो, पण अशी पानं ढिगाने असतात. मग ‘हे सांगकाम्याचं (म्हणजे बॉटचं, आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रामचं) काम, आपल्याला कुठे प्रोग्रामिंग येतं’ म्हणून आपण ते सोडून देतो. प्रोग्रामिंगवाचून फारसं अडत नाही. अडतं ते काय बदलायचं नाही हे ठरवताना, आणि ते भाषा जाणणाऱ्यालाच जमतं.

आधी बघा, बॉट हवाच आहे का

चुकीचा मजकूर साच्यातून, म्हणजे अनेक पानांत वापरलेल्या सामायिक मजकुरातून, येत असेल तर साचा एकदा दुरुस्त केला की काम झालं. तो वापरणारी सगळी पानं हळूहळू आपोआप बदलतात. दुवा पुनर्निर्देशनावर (दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या पानावर) जात असेल तर तो बदलायची बहुधा गरजच नसते. थोड्या पानांचे वर्ग (विषयवार गट) बदलायचे असतील, तर पसंतीक्रमातल्या गॅजेटांमध्ये हॉटकॅट आहे का बघा. ते चालू केलं की पानाच्या तळाशी वर्गाशेजारी छोटी चिन्हं येतात आणि संपादनाची खिडकी न उघडता वर्ग घालता-काढता येतो.

जेडब्ल्यूबी बसवा

एकामागून एक पानं झटपट संपादायला विंडोजवर चालणारा ऑटोविकिब्राउझर हा प्रोग्राम जुना आणि भरवशाचा आहे. पण नवख्याने त्याचा ब्राउझरातला भाऊ घ्यावा, जेडब्ल्यूबी (JavaScript Wiki Browser). डाउनलोड काही नाही. इंग्रजी विकिपीडियावर त्याचं माहितीपान शोधा, तिथे दिलेली एक ओळ कॉपी करा आणि आपल्या खात्याच्या ‘कॉमन जेएस’ (common.js) पानात चिकटवून जतन करा. या पानाचा दुवा पसंतीक्रमात, पानाचं रूप निवडण्याच्या टॅबमध्ये असतो. पान पुन्हा उघडलं की साधनांच्या यादीत जेडब्ल्यूबी दिसेल.

एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. त्या पानात जे चिकटवाल ते तुमच्या खात्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालतं. कुणी संदेशात पाठवलेली ओळ तिथे टाकू नका. काही विकींवर हे साधन वापरण्याआधी परवानगीच्या यादीत नाव लागतं. तशी विनंती चावडीवर, म्हणजे विकीच्या सामायिक चर्चापानावर, करा.

पानांची यादी

सुरुवात एका वर्गापासून करा. वर्गाचं नाव दिलं की जेडब्ल्यूबी पानांची यादी स्वतः आणतं. आधीच तयार केलेली यादी चिकटवली तरी चालते. सगळ्या विकिपीडियावर हात फिरवायची घाई नको.

नियम लिहा

खरी गंमत इथे आहे. समजा वर्ग किल्ल्यांचा आहे. ‘शोधा’च्या जागी नुसतं ‘कि’ आणि ‘बदला’च्या जागी ‘की’ लिहिलंत, तर पहिल्याच पानावर ‘कील्ला’ उभा राहील, आणि ‘किनारा’, ‘किती’ही त्याच वाटेने जातील. म्हणून ‘कि’च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून शोधा, आणि बदलीच्या शब्दालाही तशाच जागा द्या. ‘कि’नंतर स्वल्पविराम आला तर तो या नियमातून सुटेल. सुटू दे, तो हाताने घ्या.

रेजेक्स, म्हणजे मजकुराचा नमुना शोधायची संकेतभाषा, शिकलेल्यांना वाटेल की शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी वापरलं की झालं. ते रोमन अक्षरांसाठी छान चालतं. जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरी अक्षर हे शब्दातलं अक्षरच नाही, आणि पायथनचं नेहमीचं रेजेक्स वेलांटी-काना आला की शब्द तिथेच तुटला असं धरतं. साधी मोकळी जागाच बरी.

दुसरी खोच ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची. यातला ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्याला ते वेगळे. एकच रूप शोधलंत तर निम्मी पानं निसटू शकतात. दोन नियम करा.

आणि काही जागांना हातच लावायचा नाही: चित्रांची फाइलनावं (एक अक्षर बदललं की चित्र गायब), जाळपत्ते, अवतरणं. लेखात हिंदी वाक्य किंवा हिंदी ओळ उद्धृत असेल तर तिथला ‘कि’ अगदी बरोबर आहे. हे कुठल्याही यंत्राला आपणहून कळणार नाही, म्हणून प्रत्येक बदल डोळ्याखालून घालायचा.

चालवा, पण बटण तुमच्या हातात

जेडब्ल्यूबी एकेक पान उघडतं, जुना आणि नवा मजकूर शेजारी दाखवतं आणि थांबतं. पटलं तर जतन, नाही तर पुढचं पान. संपादन सारांशात काय केलं ते मराठीत लिहा: ‘कि → की, शुद्धलेखन’. नुसतं ‘बॉट संपादन’ लिहिलं तर दुसऱ्याला काही बोध होत नाही. थोडी पानं झाली की थांबून आपलं योगदान पान पाहा. कुणी चर्चापानावर हरकत घेतली असेल तर आधी उत्तर, मग पुढचं काम.

कंटाळा आला की पॉज

हजारो पानं असतील तर बटण दाबून बोट दुखेल. तेव्हा विकिमीडियाचं पॉज (PAWS) बघा, म्हणजे ब्राउझरातच ‘वही’ उघडून स्क्रिप्ट चालवायची सेवा. विकीच्याच खात्याने आत जाता येतं आणि पायविकिबॉट हा तयार स्क्रिप्टांचा संच तिथे आधीच बसवलेला असतो. त्यातली शोधा-आणि-बदला स्क्रिप्टही प्रत्येक पानाला विचारते. ‘सगळे मान्य’चं उत्तर पहिल्या दिवशी देऊ नका. ‘सिम्युलेट’ पर्याय लावला तर काहीही जतन न होता फक्त रंगीत तालीम होते. दोन संपादनांमध्ये पायविकिबॉट मुळातच १० सेकंद थांबतो. ती वेळ कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. पॉजमधल्या फाइली इतरांनाही दिसतात, तेव्हा पासवर्ड तिथे लिहायचा नाही. आपोआप चालवायचं असेल तर वेगळं खातं काढून त्याला सांगकाम्याचा अधिकार मागा, नाहीतर ‘अलीकडील बदल’ तुमच्याच संपादनांनी भरून जाईल आणि मधला खोडसाळपणा कुणाला दिसणार नाही.

काम झालं की वापरलेली शोध-बदल जोडी, वगळलेल्या जागा आणि एक नमुना बदल आपल्या सदस्य उपपानावर मराठीत लिहून ठेवा. पॉजमधल्या वहीचा दुवाही तिथेच द्या. पुढच्याला ती वही कॉपी करून फक्त वर्गाचं नाव बदलावं लागेल.