अक्रोडांचं पोतं: ॲनाटॉमीचा अभ्यास करताना या चुका टाळा

लिओनार्दो दा विंचीच्या शरीररचनेच्या (ॲनाटॉमीच्या) चित्रांतलं खांद्याचं पान समोर ठेवून चित्रकला शिकणारी मुलं सुरेख नक्कल करतात. तीच मुलं जिवंत मॉडेलसमोर बसली की चित्रातल्या माणसाच्या अंगभर गाठी उठतात. पाठ, दंड, पोटऱ्या, सगळं एकदम ताणलेलं.

ही चूक लिओनार्दोच्याच काळातली आहे. सगळेच स्नायू फुगवणाऱ्या चित्रकारांना तो सांगे की अशी शरीरं अक्रोडांच्या पोत्यासारखी दिसतात. ज्या स्नायूवर काम पडलंय तोच उठून दिसतो, बाकीचे मऊ राहतात.

म्हणून नकलेआधी एक करून बघा. कोपर काटकोनात वाकवून टेबलावर टेकवा, दुसरा हात दंडावर ठेवा आणि तळवा पालथा-उताणा फिरवा. तळवा उताणा होताना बायसेप्स, म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू, हाताखाली टणक होतो. तो नुसता कोपर वाकवत नाही, हातही फिरवतो. हे लिओनार्दोनं टिपून ठेवलंय. तळवा पालथा केला की कोपर ते मनगट जाणारी दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात आणि हाताचा आकारच बदलतो. हे बोटांना कळलं की रेघ आपोआप योग्य जागी पडते.

तरीही गाठी राहिल्याच, तर स्नायूंऐवजी दोऱ्या काढा. स्नायू कुठल्या हाडावरून निघतो आणि कुठे जाऊन चिकटतो, तेवढंच. १५१०-११ च्या सुमाराच्या काही पानांवर लिओनार्दोनं हेच केलंय, त्यामुळे ओढ कुठून कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. त्याआधी हाडं हवीतच. आधी हाडं, मग स्नायू, मग कातडी, हा क्रम चित्रकलेवर लिहिणाऱ्या इटलीच्या अल्बेर्तीनं १४३५ मध्येच लिहून ठेवला होता. हा टप्पा गाळणाऱ्यांची चित्रं मला लांबूनही ओळखू येतात.

शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसच्या १५४३ च्या पुस्तकातल्या चित्रांत वेगळी गफलत होते. पुढच्या पानांवर स्नायू कापून खाली सोडलेले आहेत. ती लोंबती टोकं स्नायूचा खरा आकार समजून उतरवू नका. आधीच्या पानावर तोच स्नायू जागेवर असतो, दोन्ही पानं शेजारी ठेवा.

लिओनार्दो डावखुरा होता, त्याच्या छटेच्या रेघा डावीकडून उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हातानं तो कल ओढूनताणून आणू नका, रेघ अवयवाच्या गोलाईवरून वळवा.

आणि प्रत्येक पान बरोबरच असेल असं धरू नका. गर्भाशयातल्या बाळाच्या लिओनार्दोच्या प्रसिद्ध चित्रातली वार (प्लॅसेंटा) माणसाची नाही, गाईची आहे.